‘नाही’ म्हणायची चोरी: वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत दोन तक्रारी जोडीने आल्या आहेत. डोक्यातलं चक्र थांबत नाही ही एक, आणि कुणाला नाही म्हणवत नाही ही दुसरी. लिहिणाऱ्यांनी त्या वेगवेगळ्या मांडल्यात, आम्हाला मात्र दोन्ही एकच वाटतात. भिडेपोटी दिलेला होकार रात्री व्याज मागायला येतो. रात्रभर घोळ घालून दमलेलं मन दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘हो’च म्हणतं, कारण त्या क्षणी तेच स्वस्त पडतं. पत्रांतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न: मी ३६ वर्षांची, बँकेत नोकरी करते. दिवसा ठीक असते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सकाळच्या मीटिंगमधलं माझं एखादं वाक्य आठवतं. साहेब हसले ते कौतुकाने की कुत्सितपणे? मी असं बोललेच का? दीड-दोन वाजतात. नवरा म्हणतो, विचार करू नकोस. तेच तर जमत नाही! (पुणे)

नवऱ्याचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला आहे, पण तो उलटा पडतो. डॅनियल वेगनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८७ सालचा एक प्रयोग आहे. त्याने काही जणांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. नंतर ‘आता खुशाल करा’ म्हटल्यावर या मंडळींच्या मनात अस्वल जास्तच वेळा आलं, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्याहूनही जास्त. म्हणून विचाराला हाकलायचं नाही. त्याला वेळ ठरवून द्यायची.

ही पद्धत मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली तपासून मांडली. रोज अर्धा तास, एकच वेळ, एकच जागा. तुमच्यासाठी संध्याकाळी सात ते साडेसात धरू. जागा स्वयंपाकघरातली खुर्ची चालेल, गॅलरीतला स्टूल चालेल. पलंग नको, आणि टीव्हीसमोरचा सोफाही नको, कारण जिथे विसावायचं तिथे काळजीची सवय लावायची नाही. दिवसभरात विचार आला की वहीत तीन-चार शब्द टिपायचे, ‘मीटिंग, साहेब हसले’ एवढेच, आणि मनाला सांगायचं, सात वाजता. सातला यादी काढायची. काही नोंदी तोवर शिळ्या झालेल्या असतात, त्यांवर काट मारायची. उरलेल्या प्रत्येकीला एकच प्रश्न: उद्या संध्याकाळपर्यंत मला यावर काही करता येईल का? येत असेल तर ते क्रियापदासकट लिहा, ‘साडेअकराला साहेबांना विचारणे: आकडे परत पाठवू का?’ असं. येत नसेल तर भीती एका ओळीत लिहून पुढे चला. साडेसातला वही मिटायची, यादी संपली नसली तरी.

विचार आणि घोळ यांतला फरक ओळखायला सोपी खूण आहे. घोळ बहुतेक वेळा ‘का’ने सुरू होतो: मी असं का बोलले, माझ्याच बाबतीत का होतं. ‘का’ला तळ नसतो. तो प्रश्न ‘काय, कधी, कसं’वर आणलात की वाक्य लहान होतं आणि पाय जमिनीला लागतात.

ही पद्धत फसते ती ठरावीक ठिकाणी. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सातची बैठक चुकवली, की रात्री मन ‘सात वाजता’ या शब्दावर विश्वास ठेवत नाही. वहीऐवजी फोनमध्ये नोंद करायला घेतली, तर तिथून व्हॉट्सअ‍ॅप दोन बोटांवर असतं. आणि पहिले चार-पाच दिवस विचार जास्तच जाणवतात. तुम्ही ते पहिल्यांदाच मोजताय म्हणून तसं होतं, त्याने घाबरून सोडू नका. रात्री अंदाजे वीस मिनिटं झोप नाही आली तर उठून मंद उजेडात बसा, डोळे जड झाल्यावरच परत आडवं व्हा. घड्याळ बघायचं नाही.

साहेबांच्या हसण्याबद्दलही सांगतो. कॉर्नेल विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना ओशाळं वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गासारख्या खोलीत पाठवलं होतं. २००० साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं विचारल्यावर विद्यार्थ्यांचा अंदाज जवळपास निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनाच ते सांगता आलं. तुमच्या वाक्याचंही तसंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. साहेब तेव्हा स्वतःच्या वाक्याची काळजी करत असतील.

प्रश्न: वय ४१. हॉटेलात गेलो तरी ‘काहीही चालेल’ म्हणतो. सोसायटीची कामं, ऑफिसातलं कुणाचं टेबल, मित्राचं सामान हलवणं, सगळ्याला होकार. बायको विचारते, तुला स्वतःला काय हवंय? मला खरंच सांगता येत नाही. स्वतःला ओळखा असं सगळे म्हणतात, पण म्हणजे नक्की करायचं काय? (नाशिक)

प्रश्न नेमका आहे, कारण ‘स्वतःला ओळखा’ हे ऐकायला मोठं आणि हातात धरायला काहीच नाही असं वाक्य आहे. आम्ही त्याऐवजी १४ दिवसांची वही सुचवतो. तिला भिडेची वही म्हणा.

दिवसभरात दिलेला प्रत्येक होकार तिच्यात उतरवायचा, पाच रकान्यांत: कोणी मागितलं, काय मागितलं, उत्तर द्यायला किती वेळ घेतला, त्या क्षणी शरीरात काय झालं, आणि त्याची किंमत मिनिटांत किंवा रुपयांत. चौथा रकाना लोकांना विचित्र वाटतो, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. मनाने ‘हो, चालेल की’ म्हणून टाकलेलं असतं आणि तेव्हाच जबडा आवळलेला असतो, पोटात गोळा आलेला असतो किंवा आवाज नको तितका गोड झालेला असतो. ज्यांना ‘मला काय हवंय’ कळत नाही त्यांना ‘मला काय नको होतं’ हे शरीराकडून आधी कळतं. तिथूनच सुरुवात.

दर नोंदीला एक ओळ. जास्त लिहायला बसलात तर वहीचाच घोळ होतो. या पद्धतीचा सगळ्यात मोठा धोका तोच. चौदाव्या दिवशी बेरीज करा. बहुतेकांना दोन गोष्टी दिसतात. मागणारी माणसं दहा-बारा नसतात, तीन-चारच असतात. आणि बरेच होकार विचारणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत गेलेले असतात.

मग पहिला बदल नकाराचा नाही, विरामाचा. दोन आठवडे नकार द्यायचाच नाही. फक्त प्रत्येक मागणीला म्हणायचं, “बघतो आणि संध्याकाळी सांगतो.” आणि संध्याकाळी खरंच सांगायचं. न सांगता टाळलंत तर तो विराम राहत नाही, टोलवाटोलवी होते आणि अपराधीपणा दुप्पट येतो. याच काळात ‘काहीही चालेल’वर बंदी. चहा की कॉफी, खिडकीची जागा की कडेची, मिसळ की पोहे: तीन सेकंदांत काहीतरी एक म्हणायचं, चुकलं तर चुकलं. आवड हा स्नायूसारखा प्रकार आहे, न वापरता पडून राहिला की सापडत नाही.

त्यानंतर नकारांची शिडी. एका कागदावर आठ-दहा नकार लिहा आणि प्रत्येकासमोर किती अवघड वाटेल ते शून्य ते शंभरात मांडा. दुकानदाराने आग्रह केलेली पिशवी नको म्हणणं कदाचित १०. साडीच्या दुकानात बायकोबरोबर बसून पाच साड्या उलगडायला लावून काही न घेता उठणं ३५. सोसायटीच्या सचिवाला ‘यंदा गणपतीची वर्गणी मी गोळा करणार नाही’ सांगणं ५५. मोठ्या भावाला नाही म्हणणं ९०. सुरुवात २० ते ३० च्या पायरीवरून करायची, आणि एक पायरी तीन-चारदा केल्यावरच पुढची. लोक हमखास चुकतात ते इथे. एखादा लेख वाचून किंवा भाषण ऐकून पेटतात, थेट ९० च्या पायरीवर जातात, तिथे आवाज चढतो, भांडण होतं आणि मग ‘बघा, नकार आपल्याला झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो. नकार झेपला नाही असं नाही, पायरी चुकली.

साडीच्या दुकानाचं उदाहरण गमतीने दिलेलं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली, तिच्यात मुद्दाम थोडीशी लाज ओढवून घ्यायचे असे सराव आहेत. तिचा गाभा मराठीत एका अक्षरात सांगता येतो: ‘च’. ‘लोकांना मी आवडावं’ ही इच्छा, ती निरोगी. ‘लोकांना मी आवडलोच पाहिजे’ ही मागणी, ती माणसाला राबवते. वहीतल्या प्रत्येक होकाराखालचा ‘च’ शोधा आणि वाक्य त्याच्याशिवाय पुन्हा लिहा.

प्रश्न: जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. धाकट्या बहिणीचे यजमान पतसंस्थेतून ५ लाखांचं कर्ज काढतायत आणि मला जामीनदार व्हायला सांगतायत. “फक्त सही तर करायचीय” म्हणतात. मनातून नको आहे. पण बहिणीचा संसार! चार दिवस जेवण गोड लागत नाही. (सांगली जिल्हा)

आधी कायदा बघू, मन नंतर.

‘फक्त सही’ असा प्रकार कायद्यात नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराकडून वसुलीचे सगळे उपाय संपल्यावरच जामीनदाराकडे यायचं, असं बंधन संस्थेवर नाही. महाराष्ट्रातल्या पतसंस्था सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात, आणि वसुली अधिकारी त्या दाखल्यावर जामीनदाराचा पगार आणि मालमत्ता यांपर्यंत पोचू शकतो. पगारदार, त्यातून सरकारी पगाराचा जामीनदार संस्थेला प्रिय का असतो, ते यावरून कळेल. तुम्ही भरलेले पैसे नंतर दाजींकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण ते आणखी एक भांडण. आणि कर्ज उचलल्यावर ‘मी आता जामीनदार नाही’ असं एकतर्फी पत्र देऊन सुटता येत नाही. संस्थेने दुसरा जामीनदार मान्य करावा लागतो.

आता हिशोब. ५ लाख, १२ टक्के व्याज, ५ वर्षं धरली तर हप्ता सुमारे ११,१०० रुपये येतो. स्वतःला विचारा: हा हप्ता साठ महिने माझ्या पगारातून गेला, तर मी निभावेन का, आणि दाजींच्या घरी दिवाळीला हसत जाईन का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल सही करा, ती भीड नाही, ती जाणतेपणी केलेली मदत आहे. एकाचंही ‘नाही’ असेल तर सही नको.

सांगायचं कसं? थोडक्यात, आणि कारण न देता. “दाजी, मी जामीन राहणार नाही. कुणालाच राहत नाही. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, मी हे ठरवून टाकलंय.” कारण दिलंत की चर्चा सुरू होते. ‘माझं घराचं कर्ज चालू आहे’ म्हणालात तर उत्तर येईल, ‘त्याने काय फरक पडतो?’ ‘हिला पसंत नाही’ म्हणालात तर बायकोला कायमचं वाईट ठरवलंत, आणि हे तर अजिबात करू नका. दाजी आग्रह करतील. तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा. तिसऱ्यांदा आग्रह झाला तरी तेच. नवीन मुद्दा सुचला तरी मांडायचा नाही. ‘उद्याच सही हवी’ अशी घाई असेल तर नकार आणखी सोपा: “उद्याच हवी असेल तर माझं नाहीच समजा.”

दोन बारीक गोष्टी. हा विषय त्यांच्या घरी ताटावर बसून काढू देऊ नका. अर्धी भाकरी खाऊन नकार देणं आपल्याकडे फार जड जातं, फोनवर किंवा बाहेर भेटून बोला. आणि त्याच संध्याकाळी बहिणीला स्वतः फोन करा. तिला ही गोष्ट दाजींच्या तोंडून पहिल्यांदा कळली तर ती वेगळीच गोष्ट असेल.

मदत करायचीच असेल तर अशी रक्कम ठरवा जी परत आली नाही तरी तुम्ही उल्लेख करणार नाही. २० हजार असो, १० असो. ती नकारासोबत लगेच पुढे करू नका, नाहीतर ते सौदा केल्यासारखं दिसतं. आठवडाभराने, मागितली तर.

प्रश्न: डोंबिवलीत वन बीएचके, आम्ही चौघं. मिस्टरांचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. दवाखाना, परीक्षा, लग्नाची खरेदी, सगळ्यांना उतरायला आमचं घर. मुलगा यंदा बारावीला आहे. मी नाही म्हटलं तर ‘मुंबईला जाऊन बदलली’ हे ऐकायचं. (डोंबिवली)

पहिली गोष्ट, हा नकार तुम्ही द्यायचाच नाही. नात्यातल्या माणसाला नकार त्या बाजूच्या माणसाने द्यायचा, हा नियम पाळलात तर निम्मा त्रास संपतो. मिस्टरांच्या काकांना मिस्टर सांगतील, तुमच्या मावशीला तुम्ही. सून नाही म्हणाली की तो स्वभाव ठरतो, मुलगा म्हणाला की ती अडचण असते. हे न्याय्य नाही, पण आहे असं आहे.

दोघांनी बसून कागदावर ठरवा: एका वेळी किती माणसं, किती रात्री, किती दिवस आधी कळवायचं, कोणते महिने बंद. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा डिसेंबरपासून मार्चअखेर मुक्काम बंद, ही सीमा कुणालाही समजण्यासारखी आहे. एरवी, समजा, दोन माणसं, तीन रात्री, आठ दिवस आधी फोन. हे कुटुंबाच्या ग्रुपवर जाहीर करू नका, तो फतवा वाटतो आणि ज्यांनी काही मागितलंही नव्हतं ते दुखावतात. ज्याचा फोन येईल त्याला तेवढंच: “काका, मार्च संपेपर्यंत मुक्काम जमणार नाही. एप्रिलमध्ये या, आधी कळवा.”

रुग्णाची गोष्ट वेगळी, ती खरेदीच्या रांगेत बसवू नका. पण तिथेही घर हा एकच उपाय नाही. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो, तिथे राहण्याच्या सोयींची चौकशी करता येते. कर्करुग्णांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना माहीत असते. तुम्ही एक दिवस सोबत जाणं किंवा दोन दिवस डबा पोचवणं ही मदत कमी नाही.

आणि एक टोचणारी गोष्ट. तोंडाने ‘या की’ म्हणून नंतर स्वयंपाकघरात भांडी आपटणं हाही नकारच आहे. पाहुण्यांना तो ऐकू येतो, पण आपण नेमकं काय केलं तर थांबेल, ते कळत नाही.

प्रश्न: मैत्रिणीने मोठ्या मेसेजला नुसतं ‘ओके.’ लिहिलं, पूर्णविरामासकट. मी तीन मित्रांना स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, ती चिडलीय का? तिघांनी तीन उत्तरं दिली. (वय २२, लातूरहून पुण्यात शिकायला)

चौथ्याला विचारलं असतं तर चौथं मिळालं असतं. दिलासा मागणं हा खाजवण्यासारखा प्रकार आहे, दहा मिनिटं बरं वाटतं. नियम करा: एका गोष्टीबद्दल एकालाच, एकदाच विचारायचं, आणि शक्यतो जिने लिहिलंय तिलाच. “चिडलीस का?” एवढंच. ती ‘नाही’ म्हणाली तर ते उत्तर धरायचं, त्यामागचा अर्थ शोधायचा नाही. खरंच चिडलेली असेल तर ते सांगायचं काम तिचं.

प्रश्न: वय ७१. तुमच्या ‘सीमा’ वगैरे वाचून वाईट वाटतं. आमच्या लहानपणी शेजाऱ्याला मीठ देताना कोणी वही लिहीत नव्हतं. हे पाश्चात्त्य खूळ माणुसकी संपवेल. (सातारा जिल्हा)

काका, मिठाची वही नव्हती हे खरं. पण आहेराची वही होती. लग्नात कोणी काय दिलं ते नावानिशी लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरच्या कार्यात ती वही काढून बघायची, यात कुणाला माणुसकी संपली असं वाटलं नाही. एकाचा बैल आणि दुसऱ्याचा बैल मिळून जोडी करणारी सावड घ्या. आज तुझं रान, उद्या माझं, वार ठरलेला. इर्जिकीला, म्हणजे शेतातलं काम सगळ्यांनी मिळून उरकायला, माणसं बोलावली तर जेवण घालायचं हे न बोलता ठरलेलं. आपल्या जुन्या मदतीला चांगली घट्ट मेर, म्हणजे हद्द, होती. आज अडचण येते, कारण मागणं राहिलं आणि मेर गेली.

भाषाही आमच्या बाजूने आहे. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण कुणा गोऱ्या साहेबाने केलेली नाही, ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हीसुद्धा नाही.

तुमची काळजी मात्र आम्ही उडवून लावत नाही. ‘सीमा’ या शब्दाखाली शुद्ध आळस आणि आपमतलबीपणा खपवणारी माणसं आम्हीही पाहतो. आजारी आईला भेटायला न जाणं आणि वर त्याला मनःशांती म्हणणं, याला आमचा पाठिंबा नाही. आणखी एक गल्लत होते. ‘तू माझ्याशी या सुरात बोलायचं नाहीस’ ही सीमा नव्हे, तो हुकूम आहे. ‘या सुरात बोललास तर मी फोन ठेवेन आणि उद्या बोलेन’ ही सीमा, कारण ती स्वतःच्या कृतीबद्दल आहे. मदत आणि भीड वेगळी करायला आम्ही एवढंच विचारायला सांगतो: हे कुणालाच कळणार नसतं तरी मी केलं असतं का? नाही म्हणायची मोकळीक असती तरी केलं असतं का? दोन्हीकडे ‘हो’ आलं तर करा, वही वगैरे काही नको.

प्रश्न: नवऱ्याला कशालाही नाही म्हटलं की तो हात उचलतो, पैसे काढून घेतो. तुमच्या पद्धतीने बोलून बघू का? (गावाचं नाव देत नाही)

नका. ही वाक्यं आणि शिडी ज्या घरात नकाराने फार तर रुसवा येतो तिथली आहेत. जिथे मार पडतो तिथे तुमचं गप्प राहणं ही भीड नाही, तो जीव सांभाळायचा मार्ग आहे, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये मारहाणीसोबत पैशाची अडवणूकही येते, आणि त्यासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. फोन शक्यतो त्याच्या हाती न पडणाऱ्या मोबाइलवरून करा. कागदपत्रांच्या प्रती आणि थोडे पैसे भरवशाच्या माणसाकडे ठेवा.

इतर पत्रांसाठीही इथेच सांगतो. घोळ दोन आठवड्यांहून जास्त रोज झोप, भूक किंवा काम बिघडवत असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर भागवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फोन मोफत आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच लावा.

प्रश्न: मागच्या अंकातलं वाचून मी जावेला पहिल्यांदा नाही म्हटलं. दिवाळीला तिच्या ऑर्डरच्या १० किलो चकल्या दरवर्षी मी फुकट करून देते, यंदा नाही म्हणाले. आठ दिवस झाले, ती बोलत नाही. माझ्या पोटात सारखी कालवाकालव. ‘चुकले, करून देते’ असा मेसेज तीनदा लिहिला आणि पुसला. काय करू? (अहिल्यानगर)

पुसलात ते बरं केलंत.

कालवाकालव होते म्हणजे आपण चुकलो, असं मन सांगतं. तसं नसतं. इतक्या वर्षांची सवय मोडली की पोटात हलणारच, नकार योग्य असला तरी. हे हलणं भरतीसारखं चढतं आणि उतरतं. ते उतरायच्या आत मेसेज पाठवला तर मनाची पक्की समजूत होते की मेसेजमुळेच उतरलं, आणि पुढच्या वेळी ते आणखी वर चढतं. जाऊबाईंनाही कळतं की आठ दिवसांचा अबोला पुरतो, मग पुढचा अबोला दहा दिवसांचा. नकार टिकतो की नाही हे बहुतेक वेळा तो देताना ठरत नाही, त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ठरतं.

या दोन आठवड्यांत तीन गोष्टी टाळा: लांबलचक खुलासा, सासूबाईंमार्फत निरोप, आणि भरपाई म्हणून न मागितलेलं दुसरं काम. करायचं ते एवढंच की तुमच्या बाजूने अबोला धरायचा नाही. समोर आल्या तर नेहमीसारखं “जेवलात का, वहिनी?” म्हणा. उत्तर नाही आलं तर हातातलं काम पुढे चालू. पोटात कळ आली की घड्याळ लावून वीस मिनिटं थांबा, चालून या किंवा धान्य निवडत बसा, आणि मगच फोनला हात लावा.

त्यांनीच विषय काढला तर वाक्य तेच ठेवा: “यंदा नाही जमणार.” पुढच्या वर्षी करायची इच्छा असेल तर ती आत्ता बोलू नका, दसऱ्याच्या सुमारास बोला, आणि तेव्हा भाजणी कुणाची, तेल-गॅस कुणाचा, किलोमागे मजुरी किती आणि जास्तीत जास्त किती किलो, हे सगळं पीठ मळायच्या आधी ठरवा.